आधीं कागद, मग माग

पैठण व येवलें या गांवांचें नांव काढतांच भरजरी पदर डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पदरावरील मोर विणण्यापूर्वीं चौकटींच्या कागदावर मोजावा लागतो, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. या कागदावरील उभी रांग म्हणजे ताण्याचें सूत आणि आडवी रांग म्हणजे बाण्याचें. असा आराखडा करणें व तो तपासणें हें विणण्याइतकेंच मोलाचें काम आहे, असें आमचें मत आहे.

जुन्या नक्षीविषयीं दोन टोकांचे विचार ऐकूं येतात. कोणी म्हणतात, पूर्वजांच्या नक्षींत एक चौकोनही बदलूं नये. दुसरे म्हणतात, जुनें तें ओबडधोबड. त्यास सफाई आणावी. आम्हांस हे दोन्ही विचार चुकीचे वाटतात.

पहिल्याची परीक्षा गणितानेंच करूं. समजा, जुन्या कापडांत इंचास ताण्याचीं ६० व बाण्याचींही ६० सुतें होतीं, आणि मोर ६० चौकोन रुंद व ६० चौकोन उंच होता. आज बाणा बारीक घेतला व तो इंचास ८० बसूं लागला. चौकोन तेच ठेवले, तर मोराची रुंदी एक इंचच राहील, पण उंची पाऊण इंच होईल. मान आंखूड होऊन मोराचें बदक बनेल! उंचीचे चौकोन ८० केले म्हणजेच जुना मोर पुन्हां उभा राहतो. येथें बदल करणारानें परंपरा राखली. नक्कल करणारानें ती मोडली.

आतां दुसरा विचार. असावलीचा वेल जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांनीं चढतांना दिसतो. हा दोष नव्हे; उभ्या-आडव्या सुतांस वळण घेण्याचा तोच मार्ग आहे. पैठणींत प्रत्येक रंगाचें रेशीम वेगळ्या तिल्लीवर असतें, आणि दोन रंग भेटतात तेथें त्यांचे धागे एकमेकांत अडकवितात. म्हणूनच उलट बाजूही सुलटीसारखी स्वच्छ दिसते. हें न जाणतां पेन्सिलीनें वेल गुळगुळीत केला, तर चित्र सुंदर होईल, पण तें मागावर उतरणार नाहीं.

मग दुरुस्ती कशाची करावी? खऱ्या दोषाची. फुलाचा अर्धा भाग मधल्या रांगेसह १५ रांगांत काढून तो आरशांतल्याप्रमाणें उलटविला, तर मधली रांग दोनदां येऊन देंठ जाड होतो. पुऱ्या फुलास ३० नव्हे, २९ रांगा पाहिजेत. तसेंच काठाच्या आराखड्याच्या दोन प्रती शेजारीं ठेवून सांधा जुळतो कीं नाहीं, हें पाहावें. सांध्यावर एक पान तुटलें, तर तें काठभर तुटलेलेंच दिसेल.

कागदावरील चूक रबरानें पुसते. मागावरील चूक उसवावी लागते, आणि त्यांत विणकराचे दिवस जातात. जेथें मजुरी नगावर मिळते, तेथें त्या दिवसांचें मोल त्याच्या घरच्या चुलीस भरावें लागतें. आराखडा करणाराचा आळस म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय होय.

सन २०१० मध्यें पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें. नांव कायद्यानें राखलें. मोर मात्र मोजणारा हातच राखील. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, मुलांच्या वहींत पुसल्याच्या खुणा दिसल्यास रागावूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: आधीं मोजावें, मग खोडावें, आणि मगच विणावें.