युरिक ॲसिडसाठी व्हिटॅमिन सी: आकडे काय सांगतात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. बहुतेक औषधे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली आणि ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या व डबे १८ वरून ५ टक्क्यांवर आले. औषधांच्या बाबतीत हे चांगलेच झाले. पूरक आहाराचे तसे सरसकट म्हणता येत नाही. ‘युरिक ॲसिड कमी करा’ असे सांगत व्हिटॅमिन सी विकणारे व्हिडिओ आता लोहाऱ्यातही घरोघरी मोबाइलवर पोहोचले आहेत. फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी हातात घेऊन रुग्ण विचारतात, “डॉक्टर, हे चालू आहे, मग तुमची गोळी बंद केली तर चालेल ना?”

नाही, चालणार नाही. का ते सविस्तर सांगतो, कारण व्हिटॅमिन सीचा दावा निव्वळ थाप नाही. त्यात थोडे खरे आहे आणि तेवढ्यामुळेच माणूस फसतो.

व्हिटॅमिन सी मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर टाकायला थोडी मदत करते. २००९ साली अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या २० वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. रोज १५०० मिलिग्रॅम किंवा जास्त व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांमध्ये गाऊटचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी दिसले. आजही जाहिरातींत हाच आकडा फिरतो. पण ती नुसती पाहणी होती. व्हिटॅमिन घेणारी माणसे बहुधा इतर बाबतींतही तब्येत जपणारी असतात, त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यायचे हे अशा पाहणीतून ठरत नाही.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि एका गटाला खरी, दुसऱ्याला खोटी गोळी दिली, की चित्र बदलते. अशा १३ चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये हिशेब मांडला गेला. युरिक ॲसिड सरासरी फक्त ०.३५ ने उतरले. अमेरिकेतल्याच १४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर झालेल्या दीर्घ चाचणीचा गाऊटबद्दलचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांत नवा गाऊट १२ टक्क्यांनी कमी झाला. ऐकायला बरे वाटते, पण एक हजार पुरुषांनी वर्षभर रोज गोळी घेतली तर साधारण एकाचा गाऊट टळतो, असा त्याचा अर्थ. त्याच चाचणीत व्हिटॅमिन ईचा काहीच उपयोग दिसला नाही.

आता तुमचा रिपोर्ट समोर ठेवा. समजा युरिक ॲसिड ९ आहे. साधारण ६.८ च्या वर गेले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात. बसलेले विरघळवायचे तर पातळी ६ च्या खाली आणून तिथेच ठेवावी लागते. ९ मधून ०.३५ वजा करा. उरतात ८.६५. स्फटिक वाढतच राहतात, फक्त तुम्हाला काहीतरी उपचार चालू असल्याचे समाधान असते. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली थेट गाऊटच्या ४० रुग्णांवर रोज ५०० मिलिग्रॅम देऊन पाहिले. आठ आठवड्यांत उपयोगी म्हणावा असा फरक पडला नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गाऊटच्या रुग्णांना व्हिटॅमिन सीच्या गोळ्या न देण्याकडेच कल दाखवला आहे.

मग लोक ॲलोप्युरिनॉल सोडून तिकडे का वळतात? माझ्या मते दोष फक्त मोबाइलचा नाही. ही गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने साठलेले स्फटिक हलतात आणि अंगठा पुन्हा ठणकू शकतो. हे रुग्णाला आधी कोणी सांगितलेले नसते. ‘गोळीने वाढले’ असे समजून तो गोळी टाकून देतो. खरे तर या काळासाठी सोबत कोल्चिसिनचा लहान डोस तीन ते सहा महिने देतात आणि मूळ गोळीचा डोस क्रिएटिनिन पाहून हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे यायचे. गोळी सोडलेला रुग्ण दर झटक्याला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेत राहतो आणि काही वर्षांत सांध्याबरोबर मूत्रपिंडही जायला लागते.

दुसरा घोळ निदानाचा आहे. गुडघा दुखला, रक्त तपासले, युरिक ॲसिड ७.२ आले, म्हणजे गाऊट झाला असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. गाऊट फार थोड्या लोकांत सापडला. सांध्यांची झीज आणि कष्टाने आलेली अंगदुखीच कितीतरी जास्त होती. गाऊटचा झटका वेगळा असतो. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद, गरम होतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. असा झटका कधीच आला नसेल, तर केवळ वाढलेल्या आकड्यासाठी बहुतेकांना गोळीची गरज नसते, व्हिटॅमिनचीही नाही. उलट झटका चालू असताना आकडा सामान्यही येऊ शकतो. तेव्हा दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

व्हिटॅमिन सी हवेच असेल तर ते पेरू, आवळा, लिंबातून घ्या. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरते. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळते. हजार मिलिग्रॅमच्या गोळीतले बरेचसे लघवीवाटे निघून जाते, आणि जाताना काही भागाचे ऑक्सलेट बनते. स्वीडनमधल्या पुरुषांच्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखड्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात रानात घाम गाळून दिवसभरात जेमतेम तांब्याभर पाणी पिणाऱ्याने तर या गोळ्यांपासून लांबच राहावे. एकदा मुतखडा होऊन गेला असेल तर नकोच.

आणि तुरीचे वरण बंद करू नका. तूर पिकवणाऱ्या भागात लोक युरिक ॲसिडच्या भीतीने वरण सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. मोठ्या पाहण्यांत डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने गाऊट वाढलेला दिसत नाही. मटण, मासे, बिअर आणि साखरेच्या थंड पेयांनी दिसतो. कमी स्निग्धांशाचे दूध-दही उलट फायद्याचे, म्हणून ताक जरूर प्या. उस्मानाबादी शेळीचे मटण हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे, हे मान्य. पण गाऊट असणाऱ्याने जत्रेत कलेजी आणि वजडीची वाटी पुढे सरकवावी.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, रोजची ॲस्पिरिन असेल किंवा कोलेस्टेरॉलसाठी मोठ्या डोसचे नायसिन चालू असेल, तर त्यांनीही युरिक ॲसिड वाढते. नायसिन म्हणजे व्हिटॅमिन बी ३. म्हणजे एक व्हिटॅमिन आकडा किंचित उतरवते आणि दुसरे चढवते. यातली कोणतीही गोळी मनाने थांबवू नका, विशेषतः हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन. आणि पूरक आहाराच्या बाटलीवरचा बारीक मजकूर एकदा वाचा. ‘औषधी वापरासाठी नाही’ असे त्यावर इंग्रजीत छापावेच लागते.