झडप तिची, निर्णय कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका सुनेसोबत मी शहरातल्या इस्पितळात गेले होते. वय चोवीस, लग्नाला दोन वर्षं. कळशीभर पाणी उचललं तरी धाप लागायची. ‘नव्या नवरीचे नखरे’ म्हणण्यात सहा महिने गेले. शेवटी टूडी इको केला तेव्हा कळलं, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब झालीय. लहानपणी घसा धरून मग सांधे सुजले होते, तोच हा सांधेताप. सांधे बरे झाले, झडपेवर मात्र व्रण राहिला.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं, पण सासऱ्यांना आणि नवऱ्याला. ती बाजूच्या बाकावर पदराशी चाळा करत बसलेली.

मैत्रिणींनो, मला जे समजलं ते सांगते. झडप नुसती अरुंद झाली असेल, फारशी गळत नसेल, तर बऱ्याचदा जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करतात. छाती उघडावी लागत नाही. हिची गळतही होती, म्हणजे ऑपरेशन आलंच. त्यात आपलीच झडप शिवून, कडं बसवून दुरुस्त झाली तर उत्तम. नाहीतर बदलायची, आणि खरा पेच इथेच.

‘धातूची’ म्हणतात ती कृत्रिम झडप वर्षानुवर्षं टिकते. आपल्याकडेही ती बनते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, वरचेवर रक्त तपासून. ही गोळी गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाला अपाय करू शकते. आणि बाळासाठी म्हणून आपल्याच मनाने बंद केली, तर झडप अडकून आईच्या जिवावर बेतू शकतं. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा काही महिनेच लागते. मात्र तरुण वयात ती लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीच, पुन्हा ऑपरेशन.

सासरे म्हणाले, “एकदाच काय ते होऊ द्या, धातूचीच बसवा.” वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण मला राहवलं नाही. “डॉक्टर, जरा तिलाही विचारता का?” चारचौघांत असं मध्ये बोललेलं त्यांना आवडलं नसेल. नसू दे.

डॉक्टर बाकापाशी गेले, सगळं पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “काकू, मला मूल हवंय. पण दहा वर्षांनी परत वेळ आली, तर हे सगळे परत करतील का माझं?”

कुणी बोलेना. मग नवरा म्हणाला, “करू.”

खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना कामी आली. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेच्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, एवढं लक्षात ठेवा. दुरुस्ती जमली नाही, ऊतीची झडप बसवली. सांधेताप उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन अजून चालूच आहे, दर एकवीस दिवसांनी. दिवस राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचं, हे तिने स्वतः वहीत लिहून ठेवलंय.

परवा इंजेक्शनला सासूबाई सोबत गेल्या होत्या. येताना भाजीची पिशवी त्यांच्याच हातात होती.