सुरुवातीच्या रेषेपर्यंतचा रस्ता

२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यूझीलंडची रॅली जिंकून फिनलंडचा काल्ले रोवानपेरा मोटार रॅलीचा जगज्जेता झाला. आदल्याच दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. त्याच्याआधीचा सर्वांत तरुण जगज्जेता होता स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्रे. १९९५ मध्ये किताब मिळाला तेव्हा मॅक्रे सत्तावीस वर्षांचा होता. खेळातले विक्रम सहसा थोडक्या फरकाने मोडतात. हा पाच वर्षांनी मोडला.

अशा पोराबद्दल ‘ते त्याच्या रक्तातच आहे’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. काल्लेच्या बाबतीत तर ते फारच सोपं. वडील हारी रोवानपेरा जागतिक मालिकेतले चालक, पेजो संघाकडून २००१ ची स्वीडनची रॅली जिंकलेले. त्या वेळी काल्ले चार महिन्यांचा होता. मॅक्रेचे वडील जिमी मॅक्रे पाच वेळा ब्रिटिश रॅली विजेते. म्हणजे जुना विक्रमवीरही रॅलीवाल्याचा मुलगा आणि नवाही. पण रक्ताचं हे स्पष्टीकरण मला कधी पटलेलं नाही. रक्तात हिमोग्लोबिन असतं. बर्फाळ वळणावर ब्रेकवरून पाय नेमका केव्हा काढायचा, ही माहिती त्यात नसते.

मला दिसतात ते तास. आठ वर्षांचा काल्ले जुनी टोयोटा स्टार्लेट बर्फावर आडवी घालत चालवतोय, अशी एक चित्रफीत जगभर फिरली होती. बर्फावर गाडी कमी वेगातही घसरते, त्यामुळे चूक स्वस्तात पडते. डांबरी रस्त्यावर जी चूक दवाखान्यात पोहोचवेल, ती तिथे बाजूच्या मऊ ढिगाऱ्यात जाऊन थांबते. इतरांना विसाव्या वर्षी जे धाडस वाटतं, ते या मुलाच्या अंगवळणी तिसरी-चौथीतच पडलं होतं.

इथे वाचक थबकतील, पुण्याचे तर नक्कीच. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर एका पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. पोलिसांच्या तपासानुसार गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. अशा गावात बसून आठ वर्षांच्या पोराला स्टिअरिंग देणाऱ्या बापाचं कौतुक लिहायचं तर आधी खुलासा करायला हवा. तो करतो, कारण काल्लेच्या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग नेमका तिथेच आहे.

रॅली म्हणजे एका मैदानात गोल फिरणं नव्हे. शर्यतीचे टप्पे बंद केलेल्या रस्त्यांवर होतात, गाड्या एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून सोडल्या जातात आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना मात्र साधा सार्वजनिक रस्ता लागतो. तिथे जगज्जेताही लाल सिग्नलला थांबतो, वेगमर्यादा पाळतो आणि त्याच्या खिशात परवाना असावा लागतो. फिनलंडमध्ये त्यामुळे पंधरा वर्षांच्या काल्लेला रॅलीत उतरणं शक्य नव्हतं. मग रोवानपेरा मंडळी लॅटव्हियाला गेली. तिथल्या नियमांत अल्पवयीन चालकाला बंद टप्प्यांवर गाडी चालवायची मुभा होती. टप्पा संपला की काल्ले शेजारच्या सीटवर सरकायचा आणि पुढच्या टप्प्यापर्यंत गाडी न्यायची सहचालक रिस्तो पिएतिलाइनेन यांनी. हे तेच रिस्तो, जे पूर्वी हारींच्या शेजारी बसून मार्गाच्या नोंदी वाचत. २०१६ मध्ये काल्ले लॅटव्हियाचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि त्या विजेत्याला गावातल्या दुकानापर्यंत एकट्याने गाडी न्यायची परवानगी नव्हती!

बंद रस्ता, हेल्मेट, शेजारी जाणता माणूस, आणि उघड्या रस्त्यावर पाय ठेवताच कायदा पोरालाही लागू. कल्याणीनगरात यातलं काहीच नव्हतं. एवढा फरक ज्याला समजतो, त्या बापाचं कौतुक करायला माझी हरकत नाही.

सतरा पूर्ण होताच फिनलंड सरकारने विशेष सवलतीने काल्लेला परवाना दिला. त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, तो वेल्सच्या रॅलीतून जागतिक मालिकेत उतरला. तोवर शेजारच्या सीटवर योन्ने हाल्तुनेन आला होता, तो पुढेही कायम राहिला. पुढची शिडी झरझर चढली गेली: २०१९ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा किताब स्कोडाकडून, २०२० मध्ये टोयोटाच्या मुख्य संघात जागा, १९ व्या वर्षी स्वीडनमध्ये तिसरा क्रमांक. जुलै २०२१ मध्ये एस्टोनिया जिंकून तो जागतिक फेरी जिंकणारा सर्वांत तरुण चालक ठरला. गंमत अशी की ज्याचा विक्रम गेला तो यारी-मात्ती लात्वाला तेव्हा टोयोटा संघाचा प्रमुख होता, म्हणजे काल्लेचा साहेब. साहेबाचा विक्रम मोडून त्याच्याच हातची शाबासकी घेण्याचा योग नोकरीत फार थोड्यांना येतो. आणि हो, लात्वालाचे वडीलही रॅलीपटूच.

या मुलाला पहिल्यांदा मोठा मानलं ते मी २०२२ च्या क्रोएशियाच्या रॅलीत. सलग तीन दिवस तो पुढे होता. शेवटून दुसऱ्या टप्प्यात पावसाने आणि टायरच्या निवडीने घात केला. एस्टोनियाचा ओट तानाक, स्वतः माजी जगज्जेता, त्याला ओलांडून पुढे गेला. एकच टप्पा उरला होता. एकविशीच्या चालकाने अशा वेळी एक तर चिडून गाडी झाडावर घालावी किंवा दुसऱ्या क्रमांकाचे गुण पदरात घेऊन घरी जावं. काल्लेने तो टप्पा जिंकला आणि रॅली ४.३ सेकंदांनी घेतली. तीन दिवसांच्या शर्यतीचा निकाल, आणि अंतर एवढं की तेवढ्यात आपण सीटबेल्ट लावतो. आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. त्या वर्षी त्याने सहा फेऱ्या जिंकल्या. वडिलांच्या नावावर जागतिक मालिकेतला विजय एकच, स्वीडनचा.

तर प्रतिभा आहेच, तिच्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा प्रतिभेच्या आधीचा आहे. घड्याळ आडनाव बघत नाही, म्हणून रॅली हा सर्वांत प्रामाणिक खेळ आहे असं त्यातली माणसं अभिमानाने सांगतात. खरं आहे, पण ते घड्याळ सुरू होतं सुरुवातीच्या रेषेवर. त्या रेषेपर्यंत येणारा रस्ता आडनाव बघतो, जमीन बघतो, गॅरेज बघतो. आठव्या वर्षी गाडी, ती घसरवायला बर्फ, परदेशातला नियम माहीत असलेला बाप आणि बापाचाच सहचालक दिमतीला. यातलं काही काल्लेने चोरलेलं नाही. पण हे सगळं मिळून त्याला दहा वर्षांची आघाडी मिळाली, आणि मॅक्रेपेक्षा पाच वर्षं आधी किताब मिळवणाऱ्याच्या हिशेबात ती आघाडी मांडायलाच हवी.

यावर कुणी म्हणेल, मग हा खेळ घराण्यांचाच, आपण कशाला त्यात पडा. इथे फ्रान्सकडे बघावं. २००४ ते २०१८ अशी सलग पंधरा वर्षं जागतिक रॅलीचा किताब सेबास्तियाँ नावाच्या फ्रेंच माणसाकडे होता. आधी सेबास्तियाँ लोब नऊ वेळा, मग सेबास्तियाँ ओजिए. दोघांच्याही घरात रॅलीचं नाव नव्हतं. लोब तरुणपणी जिम्नॅस्ट होता, पोटासाठी इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. आल्प्सच्या पायथ्याच्या गॅप गावचा ओजिए मेकॅनिकचं काम करायचा, बर्फावर लोकांना स्कीइंग शिकवायचा. दोघं पुढे आले ते फ्रेंच मोटार महासंघाच्या होतकरू तरुणांसाठीच्या निवड स्पर्धेतून. हातात परवाना असलेल्या तरुणांनी यावं, संघटनेच्या गाडीत बसावं, ठरलेल्या मार्गावरून ती काढावी आणि वेळ नोंदवून घ्यावी, असा तो साधा मामला. लोबला तिथे अंतिम फेरीत जाऊनही पहिला क्रमांक मिळाला नाही, पण जाणकारांच्या नजरेत तो भरला. ओजिएने २००५ मध्ये ती स्पर्धा जिंकली आणि २०२५ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, नववा जागतिक किताब घेऊन लोबशी बरोबरी केली. मागे राहिलेले दोघे कोण? दुसरा एल्फिन एव्हान्स, ब्रिटिश विजेते ग्विन्डाफ एव्हान्स यांचा मुलगा, अवघ्या चार गुणांनी मागे. तिसरा काल्ले.

मी फ्रेंचांची स्पर्धा घराणेशाहीवरचं औषध म्हणून सांगत नाहीये. दोन्ही वाटा चालतात. पण पहिली वाट फक्त आई-बाप देऊ शकतात, दुसरी एखादी संघटना ठरवलं तर देऊ शकते.

आता काल्लेचं पुढचं वागणं बघा, कारण तिथे तो मला किताबांपेक्षाही जास्त आवडला. २०२३ मध्ये दुसरा किताब मिळवला आणि पुढचं वर्ष त्याने निम्मंच खेळायचं ठरवलं. तेवीस वर्षांचा दोनदाचा जगज्जेता म्हणतो, मला जरा दम घेऊ द्या. त्या अर्धवट वर्षात पोलंडच्या रॅलीआधी मार्गाच्या पाहणीत ओजिएच्या गाडीला अपघात झाला, ऐन वेळी काल्लेला बोलावणं गेलं, आणि जेमतेम पाहणी करून तो जिंकून आला. फिनलंडने मात्र त्याला रडवलं. ही रॅली युवास्क्युलाची, त्याच्या जन्मगावची. २०२३ मध्ये तिथे तो उलटला. २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी भक्कम आघाडीवर असताना, शेवटून दुसऱ्या टप्प्यात पुन्हा बाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये ती एकदाची जिंकली, तीही ताशी जवळजवळ १३० किलोमीटरच्या सरासरीने. जंगलातल्या उड्या मारणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरची ही सरासरी आहे, आपल्या द्रुतगती मार्गावरची नव्हे.

आणि दोन महिन्यांनी त्याने जाहीर केलं: रॅली सोडतो, जपानमध्ये सर्किटवरच्या एकासनी गाड्यांच्या शर्यतीत उतरतो, त्यानंतर जमलं तर फॉर्म्युला टू. वय पंचवीस, मोसम संपेपर्यंत नावावर अठरा विजय आणि दोन जागतिक किताब. अनेकांनी डोक्याला हात लावला. मला हा निर्णय त्याच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी वाटतो. सर्किटवर तो उशिरा आलेला आहे. तिथली मुलं पाच-सहाव्या वर्षी गो-कार्टमध्ये बसतात. मॅक्स व्हर्स्टापेन, तोही शर्यतवाल्या बापाचा मुलगा, सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये होता. आयुष्यात पहिल्यांदाच काल्लेच्या हाती ती दहा वर्षांची आघाडी नाही. वारशाने मिळालेली मिळकत घरी ठेवून तो परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहायला निघाला. तिथे तो अपयशी ठरला तरी माझ्या लेखी त्याचं काही उणं होणार नाही.

टोयोटाने त्याची रिकामी जागा २०२६ साठी ऑलिव्हर सोल्बर्गला दिली. वडील पेटर सोल्बर्ग २००३ चे जगज्जेते, आई पर्निला वाल्फ्रिडसन स्वतः रॅली चालक. पोरगा गुणी आहे. दुसऱ्या एका संघाने २०२२ अखेर सोडून दिल्यावर त्याने खालच्या श्रेणीत मान खाली घालून काम केलं आणि २०२५ मध्ये एकाच संधीत एस्टोनिया जिंकून दाखवलं. पण दुसरी संधी मिळेपर्यंत टिकून राहणं, हेही पाठीशी घर असलेल्यालाच परवडतं.

आपल्याकडे या खेळाला माणसं नाहीत असं नाही. दिल्लीचा गौरव गिल तीन वेळा आशिया-पॅसिफिक विजेता झाला आणि २०१९ मध्ये मोटार शर्यतीतला पहिला अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याचे संजय टकले परदेशी रॅल्या गाजवत डाकार रॅलीपर्यंत पोहोचले. नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांनी राष्ट्रीय मालिकेची फेरी पाहिली आहे. पण गाडी, टायर, दुरुस्तीचं पथक आणि परदेशवारी यांचा खर्च पाहता इथे उतरणारा बहुतेक वेळा एक तर व्यावसायिक असतो किंवा व्यावसायिकाचा मुलगा. दोन भरलेल्या ट्रॉल्या लावून चिखलातल्या फडातून ट्रॅक्टर बाहेर काढणारा शिरोळचा बावीस वर्षांचा पोरगा, किंवा पहाटेच्या धुक्यात दुधाचा टेम्पो घेऊन रोज घाट उतरणारा आंबोलीचा तरुण कुणाच्या घड्याळात कधी मोजलाच जात नाही.

देशाच्या मोटार क्रीडा महासंघाला आणि राज्याच्या क्रीडा खात्याला माझं सांगणं एवढंच आहे. वर्षातून एक रविवार, जिल्ह्याच्या ठिकाणचं एक मोकळं मैदान, दोन साध्या गाड्या, पन्नास शंकू आणि एक घड्याळ. अटी दोनच, वय अठरा ते पंचवीस आणि खिशात पक्का परवाना. फी अशी ठेवा की टेम्पोवाल्याला एका खेपेच्या कमाईतून भरता येईल. सुरुवात नाशिकपासून करा. रस्ते तिथे आहेत, आयोजनाचा अनुभवही आहे.