बसून मोजलेला रक्तदाब, उठताना येणारी चक्कर

उच्च रक्तदाबाच्या उपचाराचे उद्दिष्ट आणखी खाली सरकले आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सूचनांनुसार, गोळ्या घेणाऱ्या बहुतेक प्रौढांचा वरचा रक्तदाब १२० ते १२९ च्या दरम्यान असावा, पण रुग्णाला तो सोसत असेल तरच. आकड्याची चर्चा भरपूर झाली, ‘सोसत असेल तर’ची फारशी झाली नाही. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे. निदानाच्या वेळीच रुग्णाला पाच मिनिटे बसवून किंवा आडवे करून रक्तदाब घ्यावा आणि मग तो उभा राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावा. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत ही दुसरी मोजणी क्वचितच होते.

ती का हवी? बसलेला माणूस उठला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे कमी होते आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. ती मेंदूला खबर देतात. काही ठोक्यांतच नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि माणसाला काही कळायच्या आत दाब सावरतो. या प्रतिक्षिप्त क्रियेला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात.

वर्षानुवर्षे दाब १६० राहिला की ही यंत्रणा त्यालाच नेहमीचा दाब समजू लागते. धमन्या ताठर झाल्याने तिची जाणही बोथट होते. म्हणजे बिघाड गोळी सुरू होण्याआधीचाच असतो. ‘बीपीच्या गोळीनेच चक्कर येते’ असे म्हणून गोळ्या बंद करणारे बरेच जण हे लक्षात घेत नाहीत. दाब हळूहळू खाली आणला, तर काही आठवड्यांत ही यंत्रणा नव्या पातळीशी बऱ्याच अंशी जुळवून घेते. अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा कडक नियंत्रणामुळे उभे राहताना दाब घसरण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट किंचित कमी झाले.

तरीही सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन या यंत्रणेच्या वाटेला फारशा जात नाहीत. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर नाडी वाढू देत नाहीत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणीच कमी होते. सर्वांत त्रासदायक अल्फा ब्लॉकर. प्राझोसिनसारखे औषध रक्तवाहिन्यांना आवळूच देत नाही, त्यामुळे पहिल्याच गोळीनंतर भोवळ येऊन पडण्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. याच जातीची टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी दिली जाते. ती रक्तवाहिन्यांवर कमी काम करते, पण वयस्कर माणसाला तेवढेही पुरते. शिवाय ती देणारा डॉक्टर वेगळा, रक्तदाबाचा वेगळा आणि दोन चिठ्ठ्यांची गाठ बहुधा पडतच नाही.

उलट टोकाचा प्रकारही घडून गेला आहे. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. दाब धाडकन कोसळे, प्रतिक्षिप्त क्रियेने हृदय धावू लागे आणि काहींना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होई. १९९० च्या दशकात तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. बीटा ब्लॉकर एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. इतके दिवस दबून राहिलेले हृदय अधिक संवेदनशील झालेले असते, त्यामुळे नाडी आणि दाब दोन्ही उसळतात, छातीत दुखू शकते.

महाराष्ट्रात हा प्रश्न वाढत जाणार आहे आणि त्यामागचे कारण चांगले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. पूर्वी ज्यांचा दाब कोणी मोजलाही नव्हता, त्यांना आता गावातल्या आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन मिळते. पण मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात एखाद्या आजींनी निर्जळी एकादशी धरली, तर शरीरात पाणी उरतेच किती? क्लोरथॅलिडोनचा परिणाम दोन दिवसांहून अधिक टिकतो, म्हणून उपवासाच्या सकाळी गोळी चुकवूनही फारसे साधत नाही. उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवायला हवी. जमिनीवरच्या पंगतीतून उठताना किंवा रात्री लघवीसाठी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. साठीनंतर असे पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे.

उभ्याने मोजलेला वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर ती घसरण नोंदवण्याजोगी. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, परिचारिकेची आणखी तीन मिनिटे लागतात. घसरण आढळली, तर आधी प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, झोपेची गोळी आणि त्यांच्या वेळा तपासल्या जातात. रक्तदाबाचा सगळाच उपचार आवरता घेण्याची गरज सहसा पडत नाही. तपासणीला जाताना रुग्णाने सगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत घालून न्यावीत आणि ‘उभ्यानेही मोजा’ असे स्वतःहून सांगावे.