कोटाच्या इमारती व पाथरवटाची टांकी

मुंबईंत हल्लीं कोटाच्या भागांत पायीं फिरवून जुन्या इंग्रजी इमारती दाखविणाऱ्या सहली निघतात. २०१८ सालीं ओव्हल मैदानाभोंवतालच्या इमारतींस जागतिक वारशाचा मान मिळाला. लोकांनीं त्या पाहाव्या हें योग्यच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दाखवितां तर अर्धेंच कां दाखवितां?

राजाबाई मनोराच घ्या. आराखडा विलायतेच्या स्कॉटसाहेबाचा, दोन लक्ष रुपये शेट प्रेमचंद रायचंद यांचे, नांव त्यांच्या मातोश्रींचें, बांधणी १८६९ ते १८७८. इतकें वाटाड्या घडाघडा म्हणून दाखवितो. पण वाचकहो, मान थोडी वर करा. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या दगडी मूर्ति आहेत. त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र ह्या एतद्देशीय इंजिनिअरानें केले. म्हणजे आमच्या जाती मनोऱ्यावर चढल्या, पण दगड घडविणाऱ्यांचीं नांवें त्या हकीकतींत चढलीं नाहींत!

बोरीबंदरचें स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांत उठलें. स्टीव्हन्ससाहेबाचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच्या हाताखालीं सीताराम खंडेराव होते, नक्षीकामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते, हें थोड्यांस ठाऊक. आणि त्यांच्याही खालीं? कागदावरच्या रेघांनीं भिंत उभी राहत नाहीं. कोटांतल्या इमारतींचा कुर्ल्याचा, मालाडचा दगड कोणी फोडिला, कोणी टांकीनें साफ केला, चुन्याच्या पाट्या कोणाच्या डोक्यावरून वर गेल्या? तेलंगणांतून पोटासाठीं आलेल्या कामाठ्यांच्या नांवाचें कामाठीपुरें ह्याच शहरांत आहे. तें नांव घेतांच आज लोकांच्या मनांत काय येतें, हें आम्हीं सांगावयास नको. शहर आपल्या बांधणाऱ्यांस कसें आठवतें तें त्यावरून कळतें.

फ्लोरा फाउंटनपाशीं मंडळी कारंज्याचा फोटो काढून पुढें जाते. शेजारींच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मारक आहे. १९५५ च्या नोव्हेंबरांत येथेंच गोळीबार झाला होता. स्मारकावर मशाल धरलेले शेतकरी व कामगार आहेत. साऱ्या कोटांत आपल्या घरचीं माणसें अशीं उघड उभीं आहेत तीं येथेंच.

तेव्हां बंधूंनो, कोर्टकचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामास मुंबईस जाल तेव्हां एक सकाळ कोटासाठीं काढा. घरांत जुना गवंडी-पाथरवट असेल तर त्यास बरोबर न्या. भिंतीवरचे टांकीचे घाव तो वाटाड्यापेक्षां बरे वाचील. आणि वाटाड्यास भर रस्त्यांत विचारा कीं, मराठींत सांगाल काय, आणि हा दगड घडविला कोणी?