हरवलेली डी ड्राइव्ह आणि दुसरा साक्षीदार

"ड्युअल बूट अजून कोण करतं?" ऑफिसातल्या ज्युनियर मंडळींनी असं विचारलं की मी आजवर नुसता हसायचो. एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू म्हणजे त्यांना एका म्यानात दोन तलवारी वाटतात. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय २०१६ पासून आहे, व्हर्च्युअल मशीन तर त्याच्याही आधीपासून. त्यामुळे त्यांचं चुकतं असंही नाही. पण गेल्या शनिवारनंतर माझ्याकडे उत्तर आहे.

तर झालं असं. घरच्या डेस्कटॉपमध्ये एका एसएसडीवर दोन्ही सिस्टिम्स, आणि शिवाय एक जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. ती दोन्हीकडून वापरता यावी म्हणून एनटीएफएस केलेली. शनिवारी सकाळी मी त्यात ५०० जीबीची नवी एम.२ एसएसडी बसवली. पाच मिनिटांचं काम. झाकण लावलं, विंडोज सुरू झालं आणि डी ड्राइव्ह गायब!

त्या ड्राइव्हवर बाबांचं रेकॉर्डिंग आहे. ते जायच्या आदल्या वर्षी मी मोबाइल समोर ठेवून त्यांना गावाकडच्या गोष्टी सांगायला लावल्या होत्या. साडेतीन तास. दुसरी कॉपी? 'पुढच्या वीकेंडला करू' या सदरात. हसू नका, तुमचंही तेच असणार.

विंडोजने काही तक्रारच केली नव्हती. डी नाही, बस्स. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर लगेच एक खिडकी समोर आली: डिस्क इनिशियलाइझ करायची आहे, ओके दाबा. मला वाटलं, जुनीच डिस्क कोरी दिसतेय, आधी दिसायला तरी लागू दे. बोट माऊसवर असताना आकडा वाचला. ४६५.७६ जीबी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१.५१ दिसते. म्हणजे ही सकाळी बसवलेली नवी! जुनी यादीतच नव्हती. ओके दाबलं असतं तरी या वेळी काही बिघडलं नसतं म्हणा. पण मी ते जुनी समजून दाबायला निघालो होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मित्राला फोन केला. "जुनी डिस्क ना? मेली असेल. रिकव्हरीवाल्याकडे दे." धन्यवाद.

मग उबुंटूत गेलो. त्याने दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहिली आणि सरळ काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडलं. कारण एफएसटॅब फाइलमध्ये त्या डिस्कची नोंद आहे आणि 'नसली तरी चालेल' असं मी तिथे लिहिलेलं नाही. लोक या वागण्याला वैतागतात. मला त्या दिवशी ते प्रामाणिक वाटलं. निदान कोणीतरी बोंब मारली!

आधी माझा संशय फास्ट स्टार्टअपवर होता. विंडोज ८ पासून आलेली ही सोय मशीन पूर्ण बंद करतच नाही, आणि मग लिनक्स एनटीएफएस ड्राइव्ह नीट उघडत नाही. पण त्यात डिस्क दिसते, फक्त उघडत नाही. इथे एलएसबीएलकेच्या यादीतही तिचा पत्ता नव्हता. दोन वेगळ्या सिस्टिम्स, दोघींचे ड्रायव्हर वेगळे, आणि साक्ष एकच. म्हणजे ड्राइव्ह लेटर, पार्टिशन, फॉरमॅट हे सगळे संशयित निर्दोष. गडबड त्यांच्या खाली, लोखंडात.

माझं म्हणणं एवढंच. व्हर्च्युअल मशीनला यजमान जे दाखवेल तेच दिसतं. विंडोजला जी डिस्क दिसत नाही, ती तिच्या पोटातल्या लिनक्सला कुठून दिसणार? तो साक्षीदार फितूर नसेल, पण स्वतंत्र नक्कीच नाही. स्वतःच्या पायावर बूट होणारी दुसरी सिस्टिम हवी. (बायोस आधी का नाही पाहिलं? पाहायला हवं होतं. घाबरलेला माणूस ओळखीच्या जागीच शोधतो. नंतर पाहिलं, तिथेही डिस्क नव्हतीच.)

झाकण उघडलं. डिस्कवर हात ठेवला तर थरथर जाणवली, म्हणजे फिरत होती, वीज पोचत होती. डेटा केबल बदलली, फरक शून्य. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं. एका तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप: एम.२ची खाच वापरात असेल तर साटा ५ आणि ६ बंद राहतील. वाटा सामायिक आहेत म्हणे. बऱ्याच बोर्डांवर असं असतं, आणि ते खाचेशेजारी छापायला कोणाचं काय जातं कोण जाणे. माझी केबल अर्थातच ५ मध्ये. ती काढून ३ मध्ये लावली.

डी परत आली, सगळं जागच्या जागी. रात्री रेकॉर्डिंग आणखी दोन ठिकाणी कॉपी करत होतो. बरोबर आहे ना बघायला एक फाइल मधूनच लावली. बाबा विहिरीवरच्या मोटेबद्दल सांगत होते. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आवाज वाढव जरा."