तेल दुसऱ्याचं, घासणं आपलं

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, सुमारे 800 टन तेल सांडलं. मासळीचं काय, खारफुटीचं काय, बंदर कधी खुलं होणार, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. हौशी शिडाच्या बोटींचा, स्पीडबोटींचा प्रश्न तेवढा उभा राहिला नाही, कारण ऐन पावसाळ्यात त्या बहुतेक किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात. हीच टक्कर जानेवारीत झाली असती तर?

तवंगाने बोट बुडत नाही, म्हणून त्याचं कुणाला भय वाटत नाही. पण पाण्याच्या रेषेवर तेलाचा पट्टा बसला की फायबरच्या झिलईत तो मुरतो आणि उन्हात पक्का होतो. दोर, फेंडर, शिडाचं कापड तेल पितं. ते धुऊन निघत नाही, टाकूनच द्यावं लागतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत खेचलं जातं. त्यातून घट्ट तेल आलं की जाळी तुंबते, पंपातला रबरी इम्पेलर फुगतो आणि भर समुद्रात मशीन तापून बंद पडतं. तवंग ताजा आणि हलक्या तेलाचा असेल, तर वाफेने आगीचा धोका वेगळाच.

मग सुरू होते घासाघाशी. बादलीभर साबण नाहीतर रॉकेल घ्यायचं आणि बोट पाण्यात असतानाच रगडायची. तेल दिसेनासं होतं, पण जात कुठेच नाही. त्याचे थेंब होऊन ते खाली उतरतं आणि माशांच्या अंड्यांपर्यंत पोचतं. बोट बाहेर काढून, मळी गोळा करून पुसणं हाच खरा उपाय. तो खर्चिक आहे, म्हणून टाळला जातो.

खर्च कुणी द्यायचा? जहाजाच्या इंधनतेलाने होणाऱ्या प्रदूषणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय बंकर करारात 1,000 टनांहून मोठ्या जहाजाला अशा नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि दावा नुकसान झाल्यापासून 3 वर्षांत लावता येतो. तेव्हा पुसण्याआधी फोटो काढा, बिलं जपा. अर्थात जहाज सापडलं तर! गोव्याच्या किनाऱ्यांवर दर पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात, त्यांचा धनी कोण? नोटीस पाठवायची कुणाच्या पत्त्यावर?

आणि आपल्या घरचं काय? दहा लाख भागांत 15 भागांहून जास्त तेल असलेलं पाणी बड्या जहाजांनाही समुद्रात सोडता येत नाही. आपल्या हौशी बोटींच्या तळात साचलेलं तेलकट पाणी मात्र बटण दाबलं की थेट खाडीत. त्याला ना मोजमाप, ना लाज. यात सगळा दोष बोटवाल्याचा नाही. ते पाणी न्यायचं कुठे, याची सोयच बहुतेक धक्क्यांवर नसते. जळकं ऑइल आणि तळाचं पाणी घेणारी एक टाकी प्रत्येक धक्क्यावर ठेवणं मेरीटाइम बोर्डाला मुळीच जड नाही. बोटवाल्यांनी पुढच्या हंगामाआधी ती लेखी मागावी.